हातातलं आधी संपवा, मग पुढचं घ्या: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न अजाइल पद्धतीचे आणि ती रुजवताना माणसांत होणाऱ्या बदलाचे आहेत. ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. वर्षभर खपून सगळं सॉफ्टवेअर एकदम हाती द्यायचं नाही. वापरता येईल असा छोटा तुकडा बांधायचा, वापरणाऱ्याला दाखवायचा आणि त्याचं ऐकून पुढचा तुकडा ठरवायचा. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत यूटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे १७ जणांनी एकत्र बसून याचा जाहीरनामा लिहिला. स्क्रम ही त्यातली सर्वांत प्रचलित चौकट. त्यात एक ते चार आठवड्यांच्या ठरावीक मुदतीत काम होतं, त्या मुदतीला स्प्रिंट म्हणतात.

प्रश्न: आम्ही १२ जण टॉवेल कारखान्यांसाठी स्टॉक आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. पाच महिन्यांपूर्वी स्क्रम सुरू केलं. रोजचा स्टँड-अप (सकाळी उभ्याने घ्यायची छोटी बैठक) ४० मिनिटं चालतो आणि दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपताना निम्मी कामं अर्धवट असतात. काय चुकतंय? (विजापूर रोड, सोलापूर)

आधी स्टँड-अप. स्क्रमच्या अधिकृत मार्गदर्शिकेत त्याला १५ मिनिटं दिली आहेत आणि टीम साधारण दहा किंवा त्याहून कमी जणांची असावी असं म्हटलं आहे. पण तुमची ४० मिनिटं केवळ दोन माणसं जास्त असल्यामुळे जात नाहीत. उद्या सकाळी एवढंच पाहा: बोलणारा कोणाकडे बघून बोलतो? सगळे मालकाकडे किंवा मॅनेजरकडे तोंड करून 'काल मी हे केलं' सांगत असतील, तर ती हजेरी झाली. ती बैठक काम करणाऱ्यांनी आजचा दिवस आपसांत ठरवण्यासाठी असते. माणसागणिक फिरू नका, बोर्डावरच्या कार्डांगणिक फिरा. बोर्ड म्हणजे 'चालू', 'टेस्टिंग', 'झालं' असे रकाने आखलेला फळा, आणि कार्ड म्हणजे त्यावर लावलेलं एकेक काम. सुरुवात 'झालं' या रकान्याच्या सगळ्यात जवळच्या कार्डापासून करा आणि विचारा, हे आज संपायला काय हवं? ज्या दोघा-तिघांत चर्चा लांबते, त्यांनी बैठक मोडल्यावर तिथेच थांबून बोलावं, बाकीच्यांनी जागेवर जावं.

आता अर्धवट कामं. बोर्डावर 'चालू' आणि 'टेस्टिंग' या दोन रकान्यांतली कार्डं मोजा. समजा ती १५ आहेत आणि टीम आठवड्याला सरासरी ५ कार्डं पूर्ण करते. मग एका कार्डाला सरासरी तीन आठवडे लागणारच, कारण हातातली कामं भागिले संपण्याचा वेग म्हणजे लागणारा वेळ. कामाचा ओघ बऱ्यापैकी स्थिर असेल तिथे हे गणित लागू पडतं. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं आणि ते बँकेच्या रांगेलाही लागू आहे. तुमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, कार्ड तीन आठवड्यांचं. मुलं कितीही राबली तरी निम्मं उरेल. हातातली कार्डं ८ वर आणलीत तर तोच वेग ठेवूनही एक कार्ड दीड आठवड्याच्या आसपास बाहेर पडतं. म्हणून रकान्याच्या डोक्यावर आकडा लिहा: 'चालू' ५, 'टेस्टिंग' ३. आकडा भरला असेल तर नवं कार्ड उचलायचं नाही, कोणाचं तरी अडलेलं कार्ड संपवायला बसायचं. पहिले आठ-दहा दिवस हे फार जड जातं. आपण रिकामे दिसतो की काय, असं मुलांना वाटतं. मालकाने या दिवसांत तोंडाने सांगायला हवं की दुसऱ्याचं काम संपवायला बसणं हेही कामच आहे.

याच्या मुळाशी बहुतेक वेळा कार्ड चुकीचं कापलेलं असतं. 'डिस्पॅच चलन', म्हणजे मालासोबत पाठवायची पावती, हे काम घेऊ. ते 'डेटाबेस', 'स्क्रीन', 'प्रिंट' असं तोडलं तर तिन्ही होईपर्यंत गोदामवाल्याच्या हाती काहीच येत नाही आणि तिन्ही कार्डं शेवटच्या दोन दिवसांत एकट्या टेस्टरच्या डोक्यावर आदळतात. ते असं तोडा. पहिलं कार्ड: एक पार्टी, एकच जातीचा टॉवेल, नग भरायचे, चलन साठवायचं आणि छापायचं. दुसरं: एका चलनात अनेक जाती आणि मापं. तिसरं: गाठींचे नंबर. चौथं: चलन झालं की गोदामातला शिल्लक आकडा कमी होणं. पाचवं: चुकलेलं चलन रद्द करणं आणि माल परत शिलकेत येणं. प्रत्येक कार्ड दोन-तीन दिवसांचं होतं, आणि पहिलं संपलं त्याच दिवशी ते कोणाला तरी दाखवता येतं.

'झालं' म्हणजे काय, तेही लिहून भिंतीवर लावा. दुसऱ्याने कोड वाचला, टेस्ट चालवल्या, ग्राहकाच्या जुन्या डेटाच्या प्रतीवर चालवून पाहिलं, आणि ग्राहकाकडे जो प्रिंटर आहे त्याच्यावर छापून पाहिलं. शेवटची अट क्षुल्लक वाटते, पण कारखान्यांत अजून डॉट मॅट्रिक्स आहेत. समजा प्रोग्रॅममध्ये ११ इंची पान धरून ६६ ओळी ठेवल्या आणि गोदामात सलग कागद आहे १२ इंची, म्हणजे ७२ ओळींचा. पहिलं चलन बरोबर येतं, दुसऱ्यावर मजकूर सहा ओळी वर चढतो, तिसऱ्यावर बारा. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरवर हे कधीच दिसत नाही.

पुढच्या स्प्रिंटला किती घ्यायचं? मागच्या तीन स्प्रिंटमध्ये या व्याख्येप्रमाणे जेवढी कार्डं खरोखर संपली, त्यांच्या सरासरीइतकीच. ९० टक्के झालेलं कार्ड शून्य धरायचं.

प्रश्न: स्प्रिंटचं नियोजन झालं की दुसऱ्या दिवसापासून ग्राहकांचे फोन सुरू होतात आणि सगळं कोलमडतं. स्प्रिंट एका आठवड्याचा करावा का? (जुळे सोलापूर)

तसं केल्याने फोन कमी होणार नाहीत. आधी दोन आठवडे प्रत्येक फोनची एका ओळीत नोंद ठेवा: कोणाचा, कशासाठी, किती वेळ गेला, त्याच दिवशी सोडवणं खरंच गरजेचं होतं का. ग्राहकाने चुकीचं ई-इन्व्हॉइस (जीएसटीचं ऑनलाइन बिल) केलं असेल तर सरकारी पोर्टलवर ते २४ तासांतच रद्द करता येतं, म्हणून तो फोन तातडीचा. रिपोर्टमधला रकाना अरुंद आहे, हा फोन सोमवारपर्यंत थांबू शकतो. दोघांनाही एकाच घाईने उत्तर देणं हाच गोंधळ आहे.

मग पाळी लावा. आठवडाभर एकच जण फोन घेईल, त्याला स्प्रिंटचं कार्ड द्यायचं नाही, बाकीच्यांना कोणी हाक मारायची नाही. बोर्डावर तातडीची वेगळी पट्टी आखा आणि तिच्यात एका वेळी एकच कार्ड ठेवा. दुसरं आलं तर कोणतं मागे ठेवायचं ते प्रॉडक्ट ओनर ठरवेल, म्हणजे काय बांधायचं आणि आधी काय याचा शेवटचा शब्द ज्याचा आहे तो. ज्या टीमचा निम्म्याहून जास्त वेळ फोनवरच जातो, तिने स्प्रिंटचा अट्टाहास सोडून सरळ कानबान वापरावं. ही टोयोटाच्या कारखान्यातून आलेली पद्धत आहे. तिच्यात मुदतीचे कप्पे नसतात, फक्त हातातल्या कामांवर मर्यादा असते आणि जागा झाली की पुढचं काम ओढायचं. नोंदीत एकच तक्रार चार वेळा दिसली तर तिचं मूळ दुरुस्त करणं हे पुढचं पहिलं कार्ड.

प्रश्न: अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, दर १५ दिवसांनी काम दाखवू, पण शेवटी नेमकं काय मिळेल ते लिहून देत नाहीत. पैसे कसे द्यायचे?

काम, मुदत आणि रक्कम तिन्ही आज बांधून टाकली तर तुमच्या लक्षात उशिरा आलेल्या प्रत्येक गोष्टीवर जादा बिल निघेल, किंवा समोरचा गुपचूप दर्जा कापेल. मुदत आणि रक्कम बांधा, काम बदलतं ठेवा, पण करारात काही गोष्टी पक्क्या करून घ्या. उद्देश एका वाक्यात लिहा, उदाहरणार्थ 'रोज संध्याकाळी ७ वाजता गोदामातला जातवार शिल्लक माल बरोबर दिसावा'. दर स्प्रिंटची रक्कम ठरलेली असावी आणि कुठल्याही स्प्रिंटनंतर थांबण्याचा हक्क तुम्हाला असावा. कोड आणि डेटा तुमचा राहील, आणि प्रत्येक स्प्रिंटनंतर दोन्हींची प्रत तुमच्या ताब्यात येईल. नवं काम आत घ्यायचं असेल तर हात न लागलेलं तेवढ्याच आकाराचं जुनं काम बाहेर जाईल. हे शेवटचं कलम असलं की पुष्कळ भांडणं टळतात.

तुमच्याकडून एकच माणूस नेमा. तो आठवड्यातले चार-पाच तास देईल आणि 'हे हवं, हे नको' जागेवर सांगेल. कारखान्यांत बहुधा घरातल्या शिकलेल्या मुलाला हे काम देतात, पण गाठी बांधून होईपर्यंत काय काय होतं ते त्याने पाहिलेलं नसतं. गोदाम सांभाळणारा जुना माणूस त्याच्या शेजारी बसवा. डेमो तुमच्याच गोदामातल्या संगणकावर, तुमच्याच मालाच्या नावांवर आणि माउस तुमच्या माणसाच्या हातात असताना होऊ द्या. त्यांच्या लॅपटॉपवर 'एबीसी टेक्स्टाइल'चं चलन सुरेखच निघतं, त्यावरून काही कळत नाही. दोन महिन्यांत एकही गोष्ट रोजच्या वापरात आली नाही तर थांबा.

प्रश्न: सॉफ्टवेअर तयार आहे, दोनदा प्रशिक्षण दिलं. तरी मुकादम वहीतच उत्पादन लिहितात आणि रात्री ऑफिसातला मुलगा वही बघून संगणकात भरतो. सक्ती करावी का? (यंत्रमाग कारखानदार, सोलापूर)

सक्तीने ते भरतील, पण पाळी संपल्यावर अंदाजाने भरतील, आणि मग वहीही खोटी ठरेल आणि संगणकही.

आधी वही उघडा आणि स्क्रीनशेजारी ठेवा. वहीच्या एका ओळीत माग नंबर, विणणाऱ्याचं नाव, नग, खराब नग असतात. शेजारी एक फुली, म्हणजे बीम (मागावरचा ताण्याच्या धाग्यांचा रूळ) संपलं. कोपऱ्यात बारीक अक्षरात '५०० उचल'. कुठे 'धागा तुटतो' एवढंच. मुकादम उभ्या-उभ्या दहा सेकंदांत हे लिहितो. तुमच्या स्क्रीनवर त्याच माणसाला अकरा रकाने भरावे लागत असतील, दीडशे नावांच्या यादीतून एक नाव शोधावं लागत असेल, आणि उचल लिहायला, धागा तुटतो हे सांगायला जागाच नसेल, तर तो आडमुठा नाही. त्याच्या हातातलं साधन तुमच्यापेक्षा चांगलं आहे. आजची तारीख, पाळी, मागावरचा नेहमीचा माणूस आणि चालू जात हे सगळं आधीच भरलेलं यायला हवं. त्याने फक्त नग आणि खराब नग टाकायचे. उचलीचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. आपल्या शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही बोलल्या जातात, म्हणून मजकूर कमी आणि माग नंबर ठसठशीत ठेवा. कोणते अंक पटकन वाचता येतात ते त्यांनाच विचारा.

यापुढचा भाग स्क्रीनचा नाही. विणणाऱ्याचा पगार नगावर असतो. संध्याकाळी तो मुकादमाच्या खांद्यावरून वहीतली आपली ओळ बघून घरी जातो, तीच त्याची पावती. आकडा संगणकात गेला की ती ओळ त्याच्या डोळ्यांआड होते, आणि शनिवारी ४० रुपये कमी आले की 'कॉम्प्युटरने कापले' ही बातमी सगळ्या शेडमध्ये पसरते. म्हणून पाळी संपताना प्रत्येकाला त्याचा आकडा दिसला पाहिजे, मग भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर असो वा छोट्या चिठ्ठीवर. मुकादमाचं दुखणं वेगळं असतं. कोणता माग किती देतो हे फक्त त्याला माहीत, यावर त्याचा मान उभा आहे. तो मान काढून घेऊ नका. चुकलेला आकडा दुरुस्त करण्याचा अधिकार त्यालाच द्या, खराबीची कारणं कोणती ठेवायची हे त्याच्याकडून ठरवून घ्या, आणि त्याने सांगितलेली एक तरी सुधारणा पुढच्या १५ दिवसांत करून दाखवा.

बदलाचं व्यवस्थापन शिकवताना एडकार नावाची पाच पायऱ्यांची मांडणी वापरतात: बदल का हवा याची जाणीव, तो करण्याची इच्छा, कसा करायचा याचं ज्ञान, हाताला सवय, आणि टिकवण्यासाठी पाठबळ. तिचा खरा उपयोग निदानासाठी आहे. माणूस पाचांपैकी कुठे अडलाय ते आधी ओळखायचं. प्रशिक्षणातून फक्त तिसरी गोष्ट मिळते. तुमचे मुकादम दुसऱ्या आणि चौथ्या पायरीवर अडलेत, त्यामुळे तिसरं प्रशिक्षण दिलंत तरी गाडी हलणार नाही.

आता कृती. एकच शेड, एकच पाळी घ्या. पहिले सहा दिवस सॉफ्टवेअरवाल्यांचा एक माणूस पाळी बदलताना शेडमध्ये उभा राहू द्या, फोनवर नव्हे. तेवढे दिवस काम थोडं मंदावेल, ते धरून चाला. आठवड्याचा पगार असेल तर वही आणि सॉफ्टवेअर दोन्ही समांतर चालवा आणि रोज संध्याकाळी दोन्ही आकडे शेजारी ठेवून फरक का आला ते लिहा. बहुतेक फरक तीन-चार कारणांचेच निघतात: दोन पाळ्यांत विभागलेला नग, दुसऱ्याच्या मागावर काम केलेला माणूस, नंतर खराब ठरलेला माल. ती कारणं दुरुस्त करा. सलग दोन पगार रुपयागणिक जुळले की आधी जाहीर केलेल्या तारखेला वही बंद करा आणि कोऱ्या वह्या शेडमधून उचला. समांतर काम महिनोन् महिने चालू ठेवलं तर दुहेरी कष्टाला कंटाळून माणसं सोपं तेच धरतात, आणि सोपी वहीच असते. मग दुसरी पाळी, मग दुसरी शेड.

दोन गोष्टी मात्र टाळा. नगाचा दर आणि सॉफ्टवेअर एकाच महिन्यात बदलू नका, कारण दोन्हींचा राग सॉफ्टवेअरवर निघेल. आणि गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात किंवा मोठी ऑर्डर बाहेर पडण्याच्या धांदलीत सुरुवात करू नका. गणवेशवाल्यांनी जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत थांबावं.

मालकासाठी एक. रात्री ९ वाजता तुम्ही स्वतः मुकादमाला फोन करून 'वही बघून आजचे नग सांग' म्हणालात, तर वरची सगळी मेहनत त्या एका फोनने जाते. आकडा सॉफ्टवेअरमध्ये बघा, चूक दिसली तर तीच चूक दाखवून विचारा.

प्रश्न: आमच्या दोन टीम आहेत. एक स्प्रिंटला ४० पॉइंट करते, दुसरी २५. पगारवाढीला हा आकडा धरावा का?

धरू नका. पॉइंट हे काम किती मोठं आहे याच्या अंदाजासाठी त्या-त्या टीमने स्वतःपुरतं घेतलेलं माप आहे, दोन टीमचं माप एक नसतं. पगार त्याला जोडलात की तीनचं कार्ड पुढच्या महिन्यात पाचचं होईल आणि काम तेवढंच राहील. बघायचंच असेल तर काम हाती घेतल्यापासून ग्राहकाच्या वापरात यायला किती दिवस लागले आणि त्यातलं किती दुरुस्तीला परत आलं हे बघा, तेही टीमचं, एकेकट्याचं नव्हे.

प्रश्न: आमचे प्रोजेक्ट मॅनेजर १५ वर्षं कामं वाटून देत आले. आता टीम स्वतः ठरवणार म्हटल्यावर ते नाराज आहेत. त्यांनाच स्क्रम मास्टर करावं का? (होटगी रोड, सोलापूर)

नुसता पदाचा शब्द बदलून ते जमत नाही. स्क्रम मास्टरने पद्धत नीट चालते का ते पाहायचं आणि अडथळे दूर करायचे असतात, काम वाटायचं नसतं. ज्याला टीम १५ वर्षं साहेब म्हणत आली, त्याने 'तुम्ही ठरवा' म्हटलं तरी सगळे त्याच्या चेहऱ्याकडेच बघतात.

एक कागद घ्या आणि रोजचे दहा निर्णय लिहा: कोणतं कार्ड कोण घेणार, अंदाज कोण देणार, रिलीजची तारीख, रजा, ग्राहकाशी पैशाची बोलणी, नवी भरती, सर्व्हरचा खर्च, कामांचा क्रम, कोडची पद्धत, रात्री बिघाड झाला तर कोणाला उठवायचं. प्रत्येकापुढे एकच नाव किंवा 'टीम' लिहा, आणि मॅनेजरसमोर बसून लिहा. निम्मे निर्णय त्यांच्याकडेच राहतात हे त्यांना त्या कागदावर दिसतं: रजा, भरती, पैसा, दुसऱ्या कंपनीकडे अडलेली कामं. कार्ड वाटणं आणि अंदाज देणं सुटतं. नाराजी अनेकदा यामुळे असते की काय गेलं ते सांगितलं जातं, काय उरलं ते कोणी सांगत नाही.

स्प्रिंटनंतरची रेट्रो, म्हणजे कामाच्या पद्धतीचा आढावा, पहिल्या तीन वेळा मॅनेजरशिवाय घ्या. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला दीड तास पुरे. प्रत्येकाने मराठीत चिठ्ठ्या लिहाव्यात, इंग्रजीत लिहायला लावलं की खरं दुखणं कागदावर येत नाही. शेवटी एकच सुधारणा निवडा आणि तिचं कार्ड पुढच्या स्प्रिंटच्या बोर्डावर लावा. दहा सुधारणा ठरवून त्यातली एकही झाली नाही, असं दोनदा घडलं की तिसऱ्या रेट्रोला मुलं गप्प बसतात.

प्रश्न: मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरीसाठी स्क्रमचं प्रमाणपत्र घेऊ का?

आत्ता पैसे घालू नकोस. स्क्रमची मार्गदर्शिका फुकट मिळते, २०२० ची आवृत्ती पंधरा पानांच्या आत आहे, ती दोनदा नीट वाच. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नवी पेठेतल्या एखाद्या खऱ्या दुकानासाठी कर, एक-एक आठवड्याच्या फेऱ्यांत. दर शनिवारी दुकानदाराच्या हातात चालणारी गोष्ट दे, तो कुठे अडखळतो ते न बोलता बघ आणि लिहून ठेव. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि स्वयंचलित टेस्ट लिहिणं सोबत शिकून घे. मुलाखतीला जाताना त्या आठवड्यांची वही घेऊन जा: काय ठरवलं होतं, दुकानदार काय म्हणाला, आणि त्यामुळे पुढच्या आठवड्यात काय बदललं.